अधिकाराविना जबाबदारी : मायक्रोसॉफ्टमधील ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ आणि गटसंस्कृती

सॉफ्टवेअर कंपनीत आज्ञावली लिहिणारे अभियंते असतात, त्यातील दोष हुडकणारे परीक्षक असतात आणि तयार माल खपविणारे विक्रेते असतात, हे सर्वांना ठाऊक असते. या साऱ्यांच्या मधोमध आणखी एक अधिकारी वावरत असतो. तो सहसा स्वतः आज्ञावली लिहीत नाही आणि पुष्कळदा त्याच्या हाताखाली एकही माणूस नसतो. तरीही उत्पादन फसले तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. कोठे त्याला ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ म्हणतात, तर मायक्रोसॉफ्टमध्ये तो दीर्घकाळ ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ या नावाने ओळखला गेला. सॉफ्टवेअरने काय करावे आणि काय करू नये, हे ठरवून घेणे हे त्याचे काम. ‘ठरविणे’ नव्हे, ‘ठरवून घेणे’. या पदाचे सारे मर्म आणि सारी दुखणी या फरकात आहेत.

या पदाचे मूळ संगणकाच्या जगात नाही, साबणाच्या धंद्यात आहे. १३ मे १९३१ रोजी अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतील नील मॅकेलरॉय या तरुण अधिकाऱ्याने वरिष्ठांना तीन पानी टिपण सादर केले. तो ‘कॅमे’ साबणाच्या जाहिरातीचे काम पाहत असे आणि कंपनीच्याच ‘आयव्हरी’ साबणाच्या सावलीत ‘कॅमे’ची उपेक्षा होते, अशी त्याची तक्रार होती. प्रत्येक छापाच्या मालासाठी स्वतंत्र जबाबदार माणूस असावा, त्याने विक्रीचे आकडे, दुकानदारांचे म्हणणे आणि जाहिरात यांचा एकत्र विचार करावा, अशी त्याची सूचना होती. ती मान्य झाली. मॅकेलरॉय पुढे त्या कंपनीचा अध्यक्ष आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. परंतु साबण आणि सॉफ्टवेअर यांत एक मोठा भेद आहे. साबणाची वडी कशी बनवायची हे बाजारात उतरण्यापूर्वीच ठरलेले असते. सॉफ्टवेअर मात्र लिहिता लिहिताच आकाराला येते आणि ते लिहिणाऱ्याच्या प्रत्येक छोट्या निर्णयातून ग्राहकाला मिळणारी वस्तू बदलत जाते. तेव्हा येथे मालाचा कैवारी विक्री खात्यात बसून चालत नाही, त्याला अभियंत्यांच्या शेजारीच खुर्ची टाकावी लागते.

बुडापेस्टचा पाहुणा आणि पहिला प्रोग्रॅम मॅनेजर

बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या मायक्रोसॉफ्टमध्ये १९८१ साली चार्ल्स सिमोनी हे दाखल झाले. जन्माने बुडापेस्टचे सिमोनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत काम करून आलेले होते. (अंतराळाची सहल स्वखर्चाने दोनदा करणारे ते हेच गृहस्थ.) मोठे सॉफ्टवेअर कसे बांधावे याविषयी त्यांनी आपल्या प्रबंधात एक योजना मांडली होती. एक ‘मेटा-प्रोग्रॅमर’, म्हणजे जणू मुख्य स्थपती, संपूर्ण रचना करील आणि बाकीचे त्याच्या सूचनेबरहुकूम आज्ञावली लिहितील. कागदावर ही कल्पना आकर्षक होती, कारण त्यात रचनेची एकसंधता टिकते. परंतु हुशार माणसे निवडून घ्यायची आणि मग त्यांना दुसऱ्याच्या विचारांचे लेखनिक करायचे, हे गणित जुळण्यासारखे नव्हते. अभियंत्यांना ती वेठबिगारी वाटली आणि कल्पना बारगळली.

सिमोनींचा प्रश्न मात्र खरा होता. आज्ञावली लिहिण्यात बुडालेल्या माणसाला, ती वापरणारी कारकून बाई किंवा हिशेबनीस नेमके कोठे अडखळेल हे पाहायला सवड नसते, आणि पुष्कळदा तशी दृष्टीही नसते. मॅकिंटॉश संगणकासाठी ‘एक्सेल’ तयार होत असताना जेब ब्लूमेंथल या तरुणाने हे काम अंगावर घेतले. ग्राहकाला काय हवे ते समजून घेणे, त्यावरून उत्पादनाचा आराखडा लिहून काढणे, निरनिराळ्या गटांत समन्वय राखणे आणि अभियंत्यांना आज्ञावलीवर लक्ष केंद्रित करू देणे, असे त्याचे स्वरूप होते. हुकूम देण्याचा अधिकार त्यात नव्हता. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवरील एक्सेल बाजारात आले आणि ही पद्धत मायक्रोसॉफ्टमध्ये रुजली. ब्लूमेंथल हे कंपनीचे पहिले प्रोग्रॅम मॅनेजर मानले जातात.

अभियंते प्रोग्रॅम मॅनेजरच्या हाताखाली नसावेत, ही बाब वरवर पाहता गैरसोयीची वाटते. वस्तुतः तीच या व्यवस्थेची कळ होती. आराखडा लिहिणारा हाच साहेब असेल तर त्याची चुकीची कल्पनाही मुकाट्याने अमलात येते. तो साहेब नसेल तर त्याला पटवून द्यावे लागते, पुरावा आणावा लागतो आणि पुष्कळदा हार मानावी लागते. अभियंत्यांचे प्रमुख आणि प्रोग्रॅम मॅनेजर यांच्यातील हा वाद बरोबरीच्या माणसांचा असल्याने, ज्याचे म्हणणे खरे त्याची सरशी होण्याची शक्यता वाढते. अर्थात त्यासाठी प्रोग्रॅम मॅनेजरला अभियंत्यांचा आदर कमवावा लागतो, आणि हा आदर नेमणूकपत्रासोबत मिळत नाही. एक्सेलच्या गटात हा स्वाभिमान इतका मुरलेला होता की दुसऱ्या कोणत्याही गटावर अवलंबून राहावे लागू नये म्हणून त्यांनी ‘सी’ भाषेचा संकलक, म्हणजे कंपायलर, देखील स्वतःचाच बाळगला होता. हा अट्टहास खर्चीक होता. पण एक्सेल वेळेवर बाहेर पडत असे, हेही तितकेच खरे.

गेट्स यांच्यापुढील परीक्षा

या काळातील संस्कृतीचे सर्वांत बोलके चित्र जोएल स्पोल्स्की यांनी रेखाटले आहे. १९९१ मध्ये ते एक्सेलच्या गटात प्रोग्रॅम मॅनेजर म्हणून रुजू झाले. पुढे ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संकेतस्थळाचे सहसंस्थापक म्हणून त्यांचे नाव जगभरच्या आज्ञावलीकारांच्या तोंडी झाले. एक्सेलमध्ये ‘बेसिक’ भाषा अंतर्भूत करण्याचा शेकडो पानांचा आराखडा त्यांनी १९९२ मध्ये लिहिला. प्रथेप्रमाणे तो स्वतः गेट्स यांच्यापुढे ठेवण्यात आला. बैठकीत गेट्स यांच्या हाती तो आराखडा होता आणि त्याच्या पानापानावर समासात त्यांच्या टिपा होत्या. म्हणजे कंपनीच्या अध्यक्षांनी तो खरोखर वाचला होता. गेट्स शिव्या किती देतात हे मोजण्यासाठी गटातील एक जण मुद्दाम बैठकीला हजर होता, असेही स्पोल्स्की सांगतात. त्या दिवशीचा आकडा विक्रमी म्हणावा इतका कमी निघाला.

प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे सरकत गेले. शेवटचा प्रश्न तारखांविषयी होता. एक्सेलमधील तारखांची गणना आणि बेसिकमधील गणना जुळते का? स्पोल्स्कींचे उत्तर होते : होय, फक्त जानेवारी आणि फेब्रुवारी १९०० हे दोन महिने सोडून.

या उत्तरामागे एक गमतीदार इतिहास आहे. शतकपूर्तीच्या वर्षाला ४०० ने भाग जात नसेल तर ते लीप वर्ष नसते. त्यामुळे १९०० साली २९ फेब्रुवारी हा दिवस उगवलाच नाही. परंतु ‘लोटस १-२-३’ या त्या काळच्या सर्वाधिक खपाच्या हिशेबतक्त्यात १९०० हे लीप वर्ष धरलेले होते. लोटसचे ग्राहक आपल्याकडे ओढायचे तर त्यांच्या जुन्या फाइली जशाच्या तशा उघडल्या पाहिजेत, म्हणून एक्सेलनेही ती चूक जाणूनबुजून उचलली. बेसिकच्या निर्मात्यांना मात्र चूक करायची नव्हती. त्यांनी आपली गणना एक दिवस आधी, ३१ डिसेंबर १८९९ पासून सुरू केली. त्यामुळे १ मार्च १९०० पासून दोन्ही गणना तंतोतंत जुळतात आणि त्यापूर्वीच्या दोन महिन्यांत एका दिवसाचा फरक पडतो. प्रोग्रॅम मॅनेजरला हे माहीत असले पाहिजे, अशी गेट्स यांची अपेक्षा होती. त्यांना उत्तर शिकून घ्यायचे नव्हते. समोरच्याने आपल्या विषयाच्या तळाशी हात घातला आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. ही परीक्षापद्धती कठोर होती, आणि तिने अनेकांना घाम फोडला असणार. पण जेथे प्रमुखच आराखडा वाचतो तेथे तो वरवर लिहिण्याची हिंमत कोणी करीत नाही.

रोजची बांधणी

आराखडा ठरला की काम छोट्या गटांत वाटले जाई. मायकेल कुसुमानो आणि रिचर्ड सेल्बी या अभ्यासकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट सीक्रेट्स’ या ग्रंथात या रचनेचे तपशील आढळतात. एक प्रोग्रॅम मॅनेजर, तीन ते आठ अभियंते आणि जवळपास तितकेच परीक्षक, असा हा गट. दिवसभरात सर्वांनी केलेले बदल एकत्र जोडून रोज संपूर्ण उत्पादनाची नवी आवृत्ती बांधायची, यालाच ‘डेली बिल्ड’ म्हणत. एक्सेलच्या गटात नियम असा की ज्याच्या बदलामुळे बांधणी कोसळेल त्याने यापुढे बांधणीची राखण करायची, ती दुसऱ्या कोणाच्या हातून कोसळेपर्यंत. शिक्षा हलकीच, पण हातचलाखीला जागा न ठेवणारी.

शेवटच्या टप्प्यात प्रोग्रॅम मॅनेजर, अभियंत्यांचा प्रमुख आणि परीक्षकांचा प्रमुख रोज एकत्र बसून दोषांची यादी चाळत. कोणता दोष दुरुस्त करायचा आणि कोणता तसाच सोडून द्यायचा, याचा निवाडा तेथे होई. या बैठकीला रणांगणावरील जखमींच्या वर्गवारीचे ‘ट्रायेज’ हे नाव मिळाले, यात आश्चर्य नाही. आपण लिहिलेले सॉफ्टवेअर आधी आपणच वापरायचे, हाही शिरस्ता होता. १९८८ मध्ये पॉल मॅरिट्झ यांनी एका पत्रात त्याला ‘आपलेच कुत्र्याचे खाणे आपण खाणे’ असे म्हटले आणि हा काहीसा किळसवाणा वाक्प्रचार पुढे साऱ्या उद्योगाने आपलासा केला.

संगणक बंद करण्याचा प्रश्न

छोट्या गटांची ही पद्धत विंडोजच्या अवाढव्य पसाऱ्याला पेलली नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये ‘विंडोज एक्सपी’ आल्यानंतर ‘लाँगहॉर्न’ या सांकेतिक नावाने पुढील आवृत्तीचे काम चालले. मुळात ती दोन मोठ्या आवृत्त्यांच्या मधली एक छोटी पायरी ठरणार होती. परंतु प्रत्येक गटाने तिच्यात आपापली स्वप्ने ओतली. अखेर ऑगस्ट २००४ मध्ये बरेचसे काम बाजूला सारून जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागली; मोठा गाजावाजा झालेली ‘विनएफएस’ ही फाइलसाठवणीची योजना वगळण्यात आली. ‘व्हिस्टा’ नावाने ही प्रणाली सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती पडली ती ३० जानेवारी २००७ रोजी, म्हणजे एक्सपीनंतर पाच वर्षांहून अधिक काळाने.

व्हिस्टात संगणक बंद करण्यासाठी इतके पर्याय एकाच वेळी समोर येत की, ग्राहकाने साधे घरी जावे तरी कसे, असा सवाल स्पोल्स्कींनी नोव्हेंबर २००६ मध्ये केला. त्याला उत्तर दिले ते याच सोयीवर काम केलेल्या एका माजी अभियंत्याने, आणि ते उत्तर टीकेहून अधिक धक्कादायक होते. त्याच्या स्वतःच्या गटात आठ माणसे होती. परंतु हा विषय पडद्यावरील मांडणी पाहणाऱ्या गटाचाही होता आणि प्रणालीचा गाभा सांभाळणाऱ्या गटाचाही. सर्व मिळून चोवीस माणसे आणि त्यांच्यावरील व्यवस्थापकांचे थर धरले तर एका छोट्याशा यादीविषयी बोलण्याचा हक्क असलेली संख्या ४३ वर जात होती. या तिन्ही गटांचा सामाईक वरिष्ठ अनेक पायऱ्या वर बसलेला. एका गटातील बदल दुसऱ्या गटाच्या संगणकावर दिसायला महिना ते तीन महिने लागत. वर्षभर काम करून त्या अभियंत्याने लिहिलेली अंतिम आज्ञावली भरली जेमतेम दोनशे ओळींची. एवढ्या मंडळींत ‘हा पर्याय नको’ असे म्हणण्याची प्राज्ञा कोणाचीच नसते. प्रत्येकाचा एकेक पर्याय ठेवून देणे हाच शांततेचा मार्ग उरतो. पडद्यावरची ती लांबलचक यादी वास्तविक कंपनीच्या रचनेचा नकाशाच होती.

गट जेव्हा एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात तेव्हा काय घडते, हे डिक ब्रास या माजी उपाध्यक्षांनी फेब्रुवारी २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील लेखात सांगितले. पडद्यावरील अक्षरे ठसठशीत दिसावीत म्हणून त्यांच्या गटाने ‘क्लिअरटाइप’ हे तंत्र घडविले होते. दुसऱ्या गटाच्या एका प्रमुखाला ती अक्षरे धूसर वाटून डोके दुखू लागले. तिसऱ्याने पाठिंबा देऊ केला, पण हे तंत्र आणि ते घडविणारी माणसे आपल्या खात्यात येणार असतील तरच. उत्तम तंत्र हाती असूनही ते विंडोजमध्ये पूर्णत्वाने यायला दशक लोटले, असे ब्रास यांचे म्हणणे होते.

दहांतील एक नापास

या भाऊबंदकीला खतपाणी घालणारी व्यवस्था म्हणजे ‘स्टॅक रँकिंग’. प्रत्येक गटप्रमुखाने आपल्या माणसांची उतरंड लावायची आणि ठरावीक टक्के माणसांना उत्तम, ठरावीक टक्क्यांना मध्यम आणि ठरावीक टक्क्यांना निकृष्ट ठरवायचे, असा हा दंडक. जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्च यांनी अशा वर्गवारीला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. दहाही माणसे कर्तबगार असली तरी एकाला नापास व्हावेच लागणार, हे पहिल्या दिवशीच ठाऊक असेल, तर शेजाऱ्याला मदत करणे हा मूर्खपणा ठरतो. आणि सर्वांत हुशार माणसांच्या गटात जाण्याऐवजी सामान्यांच्या गटात जाऊन चमकणे अधिक शहाणपणाचे. कर्ट आयकेनवाल्ड यांनी २०१२ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ नियतकालिकात मायक्रोसॉफ्टच्या वाया गेलेल्या दशकाची चिकित्सा केली, तेव्हा त्यांना भेटलेल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी याच पद्धतीकडे बोट दाखविले.

प्रोग्रॅम मॅनेजरच्या पदाला तर या पद्धतीने मुळावरच घाव घातला. ज्याच्या हाती अधिकार नाही त्याची सारी मदार इतरांच्या सहकार्यावर. ते सहकार्यच तोट्याचे ठरविल्यावर त्याच्यापाशी बैठका भरविण्यापलीकडे काय उरणार? नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ही पद्धत रद्द केली. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी हैदराबादेत जन्मलेले सत्या नडेला प्रमुखपदी आले. त्यांनी वरिष्ठ सहकाऱ्यांच्या हाती मार्शल रोझेनबर्ग यांचे अहिंसक संवादावरील पुस्तक दिले, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. तिच्याहून महत्त्वाचा बदल मूल्यमापनाच्या तक्त्यात होता. स्वतः काय केले याच्या जोडीला, दुसऱ्याच्या यशाला कोणता हातभार लावला आणि दुसऱ्याने केलेल्या कामावर आपले काम कसे उभारले, हेही प्रत्येकाला सांगावे लागू लागले. पुस्तके वाटून स्वभाव बदलतात की नाही हा वादाचा विषय आहे. बढतीचे निकष बदलले की वागणूक बदलते, याविषयी फारसा वाद नाही.

त्याच वर्षी आणखी एक निर्णय झाला आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. जुलै २०१४ मध्ये १८,००० पर्यंत पदे कमी करण्याची घोषणा झाली. त्यांतील सुमारे १२,५०० पदे नव्याने विकत घेतलेल्या नोकियाच्या व्यवसायाशी संबंधित होती. परंतु याच सुमारास अभियंता आणि परीक्षक ही जुनी विभागणीही मोडीत निघाली. लिहिणाऱ्यानेच तपासावे, उरलेसुरले स्वयंचलित चाचण्या आणि हौशी ग्राहक पाहतील, अशी नवी रीत आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘विंडोज १०’ ची सहामाही सुधारणा वितरित झाली, तेव्हा काही ग्राहकांच्या फाइलीच पुसल्या गेल्या आणि कंपनीला वितरण थांबवावे लागले. या दोषाची तक्रार हौशी चाचणीदारांनी आधीच नोंदविलेली होती. तक्रारींच्या ढिगाऱ्यात तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ट्रायेजच्या बैठकीत परीक्षकांच्या प्रमुखाची खुर्ची असती तर हे टळले असते, असे खात्रीने म्हणता येणार नाही. पण तो दोष कोणीतरी मोठ्याने वाचून दाखविला असता, एवढे तरी नक्की.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला यातील बराचसा भाग अपरिचित वाटेल, त्यालाही कारण आहे. आपल्याकडील सॉफ्टवेअर उद्योग प्रामुख्याने सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांचा म्हणून वाढला. तेथे काय बनवायचे हे परदेशी ग्राहक सांगतो. ते ठरल्या मुदतीत, ठरल्या माणसांकडून करून घेणारा तो ‘प्रोजेक्ट मॅनेजर’. नावात साधर्म्य असले तरी तो आणि रेडमंडचा प्रोग्रॅम मॅनेजर ही दोन वेगळी माणसे. एकाला तारखेचा जाब द्यावा लागतो, दुसऱ्याला ‘हे मुळात हवेच कशाला’ या प्रश्नाचा. पुण्यात १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी स्थापन केलेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्सने इतर कंपन्यांची उत्पादने घडवून देण्याचा मधला मार्ग निवडला. १९९५ मध्ये काटकर बंधूंनी सुरू केलेल्या व्यवसायातून ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक आले, ते तर सर्वस्वी स्वतःचे उत्पादन. उत्पादनाचा धनी कोण, हा प्रश्न अशा कंपन्यांतच खऱ्या अर्थाने उभा राहतो.

अलीकडे मायक्रोसॉफ्टमधील अनेक प्रोग्रॅम मॅनेजरांच्या पदनामात ‘प्रोग्रॅम’च्या जागी ‘प्रॉडक्ट’ हा शब्द आला आहे. मे २०२५ मध्ये सुमारे ६,००० आणि जुलैमध्ये सुमारे ९,००० नोकऱ्या कमी करताना, व्यवस्थापनाचे थर उतरविणे हा एक हेतू असल्याचे कंपनीने सांगितले. त्या यादीत व्यवस्थापक होते, तसेच आज्ञावली लिहिणारे अभियंतेही मोठ्या संख्येने होते.